खाल्लेलं अंगी लागावं म्हणून: पोषक घटकांचा व्यवहारी हिशेब

शंभर ग्रॅम पालकात साधारण १०० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं आणि २५० मिलिलीटर दुधात साधारण ३००. हे आकडे वाचून तीनशे ग्रॅम पालक म्हणजे एक पेला दूध, असा हिशेब कोणी मांडला तर तो साफ चुकतो. दुधातलं जवळपास ३० टक्के कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं. पालकातलं जेमतेम ५ टक्के जातं, कारण बाकीचं ऑक्झॅलेट या पालकातल्याच घटकाने घट्ट धरून ठेवलेलं असतं. म्हणजे पेलाभर दुधातून सुमारे ९० मिलीग्रॅम शरीराला मिळालं आणि तीनशे ग्रॅम पालकातून फक्त १५.

पोषणाच्या बहुतेक तक्त्यांत पदार्थात किती आहे एवढंच लिहिलेलं असतं. त्यातलं किती अंगी लागतं हे तीन गोष्टींवर ठरतं: सोबत काय खाल्लं, ते कसं शिजवलं आणि शरीराला त्या वेळी त्याची किती गरज होती. या तीन गोष्टी सांभाळल्या तर आहे त्याच जेवणातून बरंच जास्त पदरात पडतं.

अत्यावश्यक घटक म्हणजे जे शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, किंवा पुरेसे बनवता येत नाहीत. त्यात ९ अमिनो आम्लं, २ मेदाम्लं, १३ जीवनसत्त्वं आणि पंधराच्या आसपास खनिजं येतात. सगळ्यांची रोज मोजदाद करायची गरज नाही. साध्या मिश्र आहारात बरेचसे आपोआप भागतात. अडतं ते ठरावीक ठिकाणी: प्रथिनं, लोह, ब१२, ड, कॅल्शियम, आयोडीन आणि गरोदरपणाच्या आधी फोलेट. म्हणून जास्त लक्ष तिथेच द्यायचं.

आधी तीन दिवस लिहून काढा

दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या. जे तोंडात गेलं ते त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहिलं की तेल, साखर आणि मधल्या वेळचं खाणं हमखास गळतं. चहा-कॉफीची वेळही टिपा, तिचं काम पुढे आहे. धान्य, डाळी, कडधान्यं शिजवण्याआधी कोरडी मोजा. शिजल्यावर त्यात पाणी किती आहे हे वाटी बघून कळत नाही. डाळ पातळ केली तरी वाटी तेवढीच दिसते, पण तिच्यातली प्रथिनं निम्म्यावर येतात.

आता प्रथिनांची बेरीज करा. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एक उदाहरण: ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य (१४ ग्रॅम), ४०० मिलिलीटर दूध किंवा त्याचं दही (१३ ग्रॅम), एक अंडं (६ ग्रॅम), १५० ग्रॅम गव्हाचं पीठ (१७ ग्रॅम). बेरीज बरोबर ५०. यातलं अंडं आणि अर्धं दूध काढलं तर १२-१३ ग्रॅमची तूट पडते आणि ती भरायला आणखी ५०-५५ ग्रॅम कोरडी डाळ लागते. पिठाऐवजी तांदूळ असेल तर तेवढ्याच वजनात १० ग्रॅमच मिळतात.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी. दोन्ही खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात नाही, दिवसभरात जुळली तरी चालतं. वनस्पतिजन्य प्रथिनं थोडी कमी पचतात, तेव्हा पूर्ण शाकाहारी माणसाने हिशेब किलोमागे १ ग्रॅम धरलेला बरा. साठीच्या पुढेही १ ते १.२ ग्रॅम धरावं. नेमक्या याच वयात भूक मंदावते आणि जेवण निव्वळ भात किंवा पावाच्या तुकड्यावर येतं. स्नायू झिजतात, तोल जातो, पडणं वाढतं. घरात वयस्कर माणूस असेल तर पहिली बेरीज त्यांच्या ताटाची करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

तेल पूर्ण तोडू नका

अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थात विरघळतात. तेलाचा थेंब नसलेल्या कच्च्या गाजरातलं कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, बरंचसं तसंच बाहेर पडतं. गाजर शिजवलं आणि सोबत चमचाभर तेल किंवा थोडे दाणे असले की कॅरोटिन नीट शोषलं जातं. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, प्रथिनांत आणि कर्बोदकांत ४. म्हणून तेल मोजून घालायचं, पण शून्यावर आणायचं नाही.

ओमेगा-३ साठी जवस खाणार असाल तर दळून खा. अख्खं बी कवचासकट जसंच्या तसं बाहेर पडतं. दळलेलं जवस लवकर खवट होतं, तेव्हा आठवडाभर पुरेल एवढंच दळा आणि हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

लोह: इथे थोडं थांबा

सगळ्यात जास्त कष्ट वाया जातात ते लोहात. शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांशच्या आसपास रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही, म्हणून सगळं नियंत्रण आतड्याच्या दारावर होतं. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. साठा भरलेला असला की हेप्सिडिन वाढतं आणि दार लावलं जातं. साठा आटला की ते कमी होतं आणि दार उघडतं.

मांस-मासळीतलं हीम लोह १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह २ ते २० टक्के. केवढी ही तफावत! २ की २० हे बऱ्याच अंशी त्याच जेवणातल्या बाकीच्या पदार्थांवर ठरतं, म्हणजे ते आपल्या हातात आहे.

वाढवणारं सगळ्यात भरवशाचं म्हणजे जीवनसत्त्व क. एका जेवणात २५ मिलीग्रॅमपासून पुढे फरक दिसू लागतो, आणि शोषण दुप्पट-तिप्पटही होऊ शकतं. एका लिंबाच्या रसात साधारण २० मिलीग्रॅम असतं, मध्यम संत्र्यात ७०, पेरूत त्याहून बरंच जास्त. लिंबू शिजताना पिळू नका. आच बंद केल्यावर किंवा ताटात पिळा, कारण उष्णतेने क नष्ट होतं. आणि ते त्याच जेवणात हवं. सकाळी खाल्लेलं संत्रं रात्रीच्या डाळीतल्या लोहाला मदत करत नाही.

अडवणाऱ्यांत पहिला नंबर चहाचा. त्यातली टॅनिनं लोहाला धरतात आणि जेवणाबरोबर प्यायलेला एक कप शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. कॉफीचंही तेच, थोड्या कमी प्रमाणात. चहा सोडायची गरज नाही, पण जेवणाच्या आधी आणि नंतर एक-दीड तास मोकळा ठेवा. तीन दिवसांच्या टिपणात चहाची वेळ लिहायला सांगितली ती याचसाठी. पुष्कळदा उणीव जेवणातल्या लोहाची नसते, दोष जेवणानंतरच्या त्या कपाचा असतो.

दुसरा अडथळा फायटेटचा. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत ते असतं, आणि लोहाबरोबर जस्तही अडवतं. यावर तीन उपाय आहेत. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. एक-दोन दिवस मोड येऊ द्या. किंवा पीठ आंबवा. मोड येताना दाण्यातलंच विकर फायटेट फोडायला लागतं, आणि वरून थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. यीस्ट घालून नीट फुगलेल्या पिठातही फायटेट घटतं, पण घाईघाईने सोडा घालून फुगवलेल्यात तेवढं नाही.

तिसरा अडथळा कॅल्शियम. कॅल्शियमची गोळी लोहाच्या जेवणाबरोबर घेऊ नका, दुसऱ्या जेवणाला ढकला.

लोखंडी कढई खरोखर उपयोगी आहे, पण अटी आहेत. पदार्थ आंबट आणि ओला हवा, आणि बराच वेळ शिजायला हवा. टोमॅटोचा रस्सा लोखंडात शिजला की लोह उतरतं. कोरडं परतलेलं, झटपट झालेलं काही असेल तर फारसं नाही. एनॅमलचा मुलामा असलेल्या भांड्यातून तर उतरतच नाही.

पाळी येणाऱ्या स्त्रियांना रोज सुमारे १८ मिलीग्रॅम लोह लागतं, पुरुषांना ८, गरोदरपणात २७. आहाराने एवढं भागत नसेल, किंवा तपासणीत कमतरता निघाली असेल, तर गोळी लागते. ती रिकाम्या पोटी जास्त शोषली जाते. मळमळलं तर थोड्या खाण्याबरोबर घ्या, फक्त ते दूध किंवा चहा नको. शौच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर मात्र लगेच दाखवा, ते आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. एका डोसनंतर हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं, त्यामुळे दुसरा डोस बराचसा वाया जातो. बरेच डॉक्टर आता एक दिवसाआड गोळी देतात ते यामुळेच. हिमोग्लोबिन सुधारलं की गोळी बंद करणं ही सर्रास होणारी चूक. तेव्हा रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. साठा भरायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात.

स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर स्त्रीचं ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. पण साठा त्याआधीच आटतो, आणि तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना फेरिटिन उगाच वर दिसतं, म्हणून ती तपासणी बरं झाल्यावर करा. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी निघालं तर नुसती गोळी सुरू करून थांबू नका. जठरातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का हे शोधावंच लागतं.

लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलाने मूठभर गिळल्या तर जीव जाऊ शकतो. कुलूपबंद ठेवा.

ब१२ आणि फोलेट

ब१२ फक्त प्राणिजन्य पदार्थांत किंवा ते मुद्दाम मिसळलेल्या अन्नात मिळतं. रोजची गरज अवघी २.४ मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधात साधारण १.२, एका अंड्यात ०.५. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. आहार बदलल्यावर तीन-चार वर्षं काहीच झालं नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि मग हातापायांना मुंग्या, जीभ सोलवटल्यासारखी होणं, विसरभोळेपणा सुरू होतो. मज्जातंतूंचं नुकसान लांबलं तर ते पुरतं भरून येत नाही. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्याने ब१२ गोळीतून किंवा मिसळलेल्या अन्नातून घ्यायलाच हवं. स्पिरुलिनावर विसंबू नका. त्यातलं बहुतांश ब१२ माणसाच्या शरीराला चालत नाही.

अन्नातलं ब१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन. म्हणून वय वाढल्यावर, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असल्यावर, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असल्यावर, दूध-अंडी खाऊनही ब१२ घसरतं. ही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना ब१२ तपासायला सांगा. आणि गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्या. गोळी घेतल्यावर आकडा वर जातो, मग मूळ कमतरता होती की नव्हती हे कळत नाही.

नुसतं फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, भरपूर घेतलं तर रक्तातला दोष भरून निघतो आणि ब१२ ची कमतरता झाकली जाते. मज्जातंतूंची झीज मात्र आत चालूच राहते.

फॉलिक ॲसिडची खरी वेळ गरोदर राहण्याआधीची. बाळाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. मूल होण्याची शक्यता असेल तर किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम.

ड आणि कॅल्शियम

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील-ब किरणांमुळे, आणि ते किरण काचेतून येत नाहीत. खिडकीशी बसून घेतलेलं ऊन ऊब देतं, ड देत नाही. कोवळ्या उन्हातही हे किरण फार थोडे असतात. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ते पुरेसे असतात. अशा उन्हात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, त्वचा लाल होण्याच्या बऱ्याच आधी थांबायचं. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशांत हिवाळ्यात दुपारीही सावली लांबच राहते, तिथे त्या महिन्यांत अन्नावर किंवा गोळीवरच भिस्त.

रोज १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० युनिट, ही प्रौढांची सर्वसाधारण गरज. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ४,००० युनिटच्या वर रोज घेऊ नका. नेहमीचा गोंधळ असा होतो की आठवड्याला एक घ्यायची मोठी गोळी माणूस रोज घेत राहतो. महिन्या-दोन महिन्यांत रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं. मूत्रपिंड कायमचं दुखावू शकतं. पाकिटावर घ्यायचा वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. गोळी तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्या.

कॅल्शियम प्रौढांना रोज १,००० मिलीग्रॅमच्या आसपास लागतं. आतडं एका वेळी ५०० पर्यंतच नीट घेतं, म्हणून दोनदा विभागून. कार्बोनेटची गोळी असेल तर जेवणासोबत, कारण तिला आम्ल लागतं. सायट्रेटची कधीही चालते.

मीठ आणि आयोडीन

रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात २५०. आयोडीनयुक्त मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून आणि वाफेपासून लांब ठेवा आणि शक्यतो पदार्थ होत आल्यावर घाला. खड्याच्या, गुलाबी किंवा समुद्री मिठात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं, पाकीट वाचा. एकूण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा सपाट चमचा, आणि त्यात तयार खाद्यपदार्थांतलं मीठही धरायचं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा: ४०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

चुलीवर काय निसटतं

क आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. भाजी आधी धुवा, मग चिरा. तुकडे मोठे ठेवा, पाणी कमी घाला, झाकण ठेवा. उकळून पाणी फेकलं तर फोलेट आणि क चा मोठा वाटा त्याबरोबर जातो. ते पाणी रश्श्यात वापरा. वाफवलं तर गळती सगळ्यात कमी. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालू नका, त्याने थायमिन म्हणजे ब१ नष्ट होतं. दूध पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवलं की ब२ जातं.

तांदूळ पांढरा शुभ्र करताना ब१ कोंड्याबरोबर जातं. १८९० च्या दशकात जावामध्ये (आजच्या इंडोनेशियात) डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांनी सडीक तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडलेले आणि कोंडा दिल्यावर सावरलेले पाहिले. त्याच धाग्यावरून पुढे जीवनसत्त्वांची कल्पना उभी राहिली आणि १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल मिळालं. अर्धसडीचा किंवा उकडा तांदूळ घेतला तर हे नुकसान बरंच टळतं.

गोळ्या घेताना

जस्त रोज ४० मिलीग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलं तर तांब्याची कमतरता होते. ब६ च्या मोठ्या मात्रेने बधिरपणा येतो, आणि तो कमतरतेचं लक्षण समजून माणूस आणखी गोळ्या घेतो. जीवनसत्त्व अ चं रेटिनॉल हे रूप गरोदरपणात ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बाळाला व्यंग येऊ शकतं, तेव्हा त्या काळात यकृत आणि अ च्या गोळ्या टाळा. दोन-तीन वेगवेगळ्या डब्यांत तेच घटक पुन्हा पुन्हा असतात. लेबलं शेजारी ठेवून प्रत्येक घटकाची बेरीज करा.

थायरॉईडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळीच शोषली जात नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या, कारण के जीवनसत्त्व अचानक वाढलं किंवा घटलं की औषधाचा परिणाम हलतो. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असतं. त्यामुळे थायरॉईडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायला जाण्याआधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि तातडीने रुग्णालयात जावं लागलं तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर देताना ही गोळी चालू असल्याचं सांगा.